शस्त्राची थट्टा आणि वरिष्ठांची जीभ

(व्याख्यानाचा पाठ)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानात दान, संयम किंवा समाजसंघटन असा एखादा रुळलेला विषय अपेक्षित असतो. आजचा विषय काहीसा आडवाटेचा आहे. कार्यालयात, कारखान्यात अथवा दुकानात वरिष्ठाने चारचौघांत बंदुकीवरून थट्टा केली आणि ती थट्टा कोणाच्या तरी जिव्हारी लागली, तर त्या क्षणी काय करावे आणि त्यानंतर काय करावे, एवढाच तो विषय आहे. मोठ्या शहरातील श्रोत्यांना तो किरकोळ वाटण्याचा संभव आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत तो तसा वाटू नये.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि त्याच सुमारास त्याच्या दक्षिणेकडील जंगलात सशस्त्र दलांचा वावर सुरू झाला. १ फेब्रुवारी २००९ रोजी धानोरा तालुक्यातील मर्केगावजवळ १५ पोलीस मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला भामरागड तालुक्यातील लाहेरीजवळ १७ पोलीस गेले. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनी, कुरखेडा तालुक्यातील जांभूळखेड्याजवळ सुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस आणि त्यांच्या वाहनाचा खासगी चालक ठार झाला. दुसऱ्या बाजूने, एप्रिल २०१८ मध्ये कसनासूर-बोरिया परिसरातील चकमकीत चाळिसेक नक्षलवादी मारले गेले, तर १३ नोव्हेंबर २०२१ रोजी मर्दिनटोला येथे आणखी २६ जण. हे दोन्हीकडचे आकडे एवढ्यासाठी सांगितले की, या जिल्ह्यातील कोणत्याही कार्यालयात दहा माणसे एकत्र बसली असता त्यांपैकी एखाद्याच्या घरातला, नात्यातला अथवा गावातला माणूस गोळीने गेलेला असू शकतो. तो कोणत्या बाजूच्या गोळीने गेला हे तो सांगतोच असे नाही. बहुधा सांगतच नाही.

अशा ठिकाणचा एक प्रसंग कल्पून पाहावा. प्रसंग कल्पित असला तरी त्याचा साचा पुष्कळांच्या ओळखीचा आहे. तालुक्याच्या गावी एका कार्यालयात मासिक आढावा बैठक चालू आहे. भामरागडकडून आलेला एक कनिष्ठ लिपिक भिंतीशी उभा आहे. माडिया समाजातला, घराण्यातला पहिला पदवीधर. त्याचा तक्ता दोन दिवस उशिरा आला आहे. साहेब तक्ता उलटसुलट करून पाहतात आणि सभेकडे वळून म्हणतात, "याला फार बोलू नका रे बाबांनो, याचे भाऊबंद बंदूक घेऊन बसलेत तिकडे." एवढ्यावर न थांबता ते दोन बोटांची बंदूक करतात आणि स्वतःच्या कपाळाला लावतात. सभा हसते. लिपिकही हसतो. पुढचा विषय सुरू होतो.

साहेब वाईट नसतात. तक्त्यावरून रागावण्याऐवजी हसण्यावारी नेले, असेच त्यांना वाटलेले असते. परंतु भिंतीशी उभ्या असलेल्या त्या तरुणाची स्थिती काय होते, ते नीट समजून घेतले पाहिजे. त्याच्या गावात नोकरदार मुलगा आला की, हा पोलिसांचा खबऱ्या तर नव्हे, अशी शंका घेतली जाण्याचे भय असते. खबरी असल्याच्या संशयावरून गडचिरोलीत अनेक गावकऱ्यांचे प्राण गेले आणि मृतदेहाशेजारी तसे लिहिलेली पत्रके सापडली, हा अलीकडचा इतिहास आहे. इकडे कार्यालयात त्याच तरुणाकडे, हा जंगलातल्यांना मिळालेला तर नव्हे, अशा नजरेने पाहिले जाते. गावात एक संशय, कचेरीत नेमका उलटा संशय. आतापर्यंत दबलेल्या आवाजात असलेल्या या दुसऱ्या संशयावर साहेबांच्या विनोदाने जणू शिक्का उमटविला. उद्या चहाच्या टपरीवर कोणी तरी त्या तरुणाला सहज 'कमांडर' म्हणेल. परवा ते नाव पोलीस ठाण्यातही ऐकू येईल. बंदुकीची थट्टा येथे जोखमीची का असते, याचे उत्तर एवढ्यात आहे. कोणाच्या तरी भावना दुखावल्या, इतकेच तिचे मोल नसते.

याच थट्टेचे एक मोठे भावंड सबंध महाराष्ट्रात प्रचलित आहे. "गडचिरोलीला पाठवीन हं!" मंत्रालयापासून तहसील कचेरीपर्यंत, पोलीस मुख्यालयापासून शिक्षण विभागापर्यंत, कोणत्या वरिष्ठाने हे वाक्य कधी ना कधी उच्चारलेले नाही? ऐकणारा हसतो, कारण बोलणारा वरिष्ठ असतो. वास्तविक या भागात काम करणाऱ्यांसाठी शासनाने ६ ऑगस्ट २००२ च्या निर्णयान्वये वरच्या एका टप्प्याची वेतनश्रेणी देण्याची व्यवस्था केली. म्हणजे कागदावर ही नियुक्ती गौरवाची आणि तोंडी भाषेत ती शिक्षेची! ज्यांचे घर, शेत, शाळा आणि स्मशान येथेच आहे, त्यांनी आपल्या जिल्ह्याचे नाव शिक्षेचे परिमाण म्हणून किती वर्षे ऐकावे, हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

वरिष्ठाची जीभ आणि बंदूक यांचा संबंध महाराष्ट्राने सर्वांत मोठ्या प्रमाणावर पाहिला तो २००८ च्या अखेरीस. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर तत्कालीन उपमुख्यमंत्री व गृहमंत्री आर. आर. पाटील वार्ताहरांशी बोलत होते. मोठ्या शहरांत अशा लहानसहान घटना घडतच असतात, अशा आशयाचे वाक्य ते हिंदीतून बोलून गेले. एका लोकप्रिय चित्रपटातील संवादाची छाया त्या वाक्यावर होती आणि तेच अधिक घातक ठरले. मुंबई अद्याप प्रेते मोजत असताना पोलिसांच्या सर्वोच्च धन्याच्या तोंडी सिनेमातील वाक्य! १ डिसेंबर २००८ रोजी त्यांनी राजीनामा दिला. आबांच्या मनात मृतांविषयी अनादर होता, असे त्यांचे विरोधकही गंभीरपणे म्हणणार नाहीत. सांगली जिल्ह्यातील अंजनी गावच्या गरीब घरातून आलेला, साधी राहणी असलेला तो नेता होता. तथापि वाक्य तोंडातून सुटले आणि त्याचा अर्थ ठरविण्याचा अधिकार त्यांच्याकडे उरला नाही.

या घटनेचा उत्तरार्ध मात्र फारसा सांगितला जात नाही, आणि तो आपल्या जिल्ह्यांशी निगडित आहे. २००९ च्या निवडणुकीनंतर पाटील पुन्हा गृहमंत्री झाले आणि गडचिरोलीचे पालकमंत्रीही झाले. ज्या जिल्ह्याचे नाव घेऊन इतरांना दटावले जाई, त्याची जबाबदारी राज्याच्या गृहमंत्र्याने स्वतःकडे घेतली. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. त्या उद्गाराचे हे प्रायश्चित्त होते काय, हे कोणी सांगू शकणार नाही आणि तसा दावा करणे योग्यही नाही. परंतु चुकलेल्या शब्दानंतर माणूस कामाने काय करतो, याकडे लक्ष दिल्यास त्या वाक्यावरून झालेली त्यांची पारख अपुरी वाटते.

परदेशातही हे घडलेले आहे. ११ ऑगस्ट १९८४ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन आपल्या साप्ताहिक नभोवाणी भाषणापूर्वी ध्वनिक्षेपकाची चाचणी देत होते. रशियाला कायमचे बेकायदा ठरविणाऱ्या कायद्यावर सही केली असून पाच मिनिटांत बॉम्बफेक सुरू होईल, असे ते गमतीने म्हणाले. खोलीतले तंत्रज्ञ हसले. ते वाक्य प्रक्षेपित झाले नव्हते, तरीही बाहेर फुटले आणि सोव्हिएत सरकारने त्याचा निषेध केला. ज्याच्या हाती खरोखरीच अण्वस्त्रे आहेत, त्याने ती उडविण्याची गंमत करावी काय, हा वाद जगभर रंगला. बोलणाऱ्याला आपली थट्टा समोरच्या दहा जणांपुरतीच आहे असे वाटते. भिंतीपलीकडचा अकरावा माणूस त्याच्या हिशेबात नसतो. त्या काळी हे बाहेर फुटण्यास ध्वनिमुद्रणाची सामग्री लागली. आज बैठकीतल्या प्रत्येकाच्या खिशात ती आहे.

आपल्या आचारशास्त्रात या प्रश्नाचा विचार किती बारकाईने झाला आहे, हे पाहिले म्हणजे आश्चर्य वाटते. सत्यव्रत स्थिर राहावे म्हणून तत्त्वार्थसूत्रात ज्या पाच भावना सांगितल्या आहेत, त्यांत क्रोध, लोभ आणि भय यांच्याबरोबर हास्याच्या त्यागाचाही समावेश आहे. क्रोधाने, लोभाने आणि भयाने माणूस असत्य बोलतो, हे सर्वांना समजते. हसविण्यासाठी तो असत्य बोलतो, हे सहसा लक्षात येत नाही. 'याचे भाऊबंद बंदूक घेऊन बसलेत' हे वाक्य त्याच जातीचे. साहेबांना ते खोटे आहे हे ठाऊक असते. हशा मिळावा म्हणून ते बोललेले असते. अनर्थदंडविरमण व्रताचे अतिचार पाहिले तर तेथे कंदर्प म्हणजे हलकी थट्टा, कौत्कुच्य म्हणजे थट्टेला अंगविक्षेपाची जोड, आणि मौखर्य म्हणजे निरर्थक बडबड, असे भेद केलेले आहेत. दोन बोटांची बंदूक करून कपाळाला लावणाऱ्या साहेबांचे याहून अचूक वर्णन कोणत्या व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकात मिळेल? आणि याच अनर्थदंडाच्या प्रकारांत शस्त्रादी हिंसेची साधने दुसऱ्याच्या हाती देणे, म्हणजे हिंसादान, हेही मोडते. शस्त्र आणि वाचाळपणा यांना शास्त्रकारांनी एकाच कोष्टकात बसविले आहे. हसण्यावर बंदी घालावी असा याचा अर्थ कोणी काढू नये. हसताना कोणाच्या जिवावर हसतो आहोत, एवढा हिशेब ठेवावयाचा आहे.

आता प्रत्यक्ष व्यवहार. थट्टा झालेली आहे, सभा हसलेली आहे, अशा वेळी कोणी काय करावे?

ज्याच्यावर थट्टा झाली, त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे. पगार देणाऱ्यापुढे, भरसभेत, उभ्या पायावर योग्य उत्तर सुचणे ही सोपी गोष्ट नव्हे. शक्य असेल तर त्याने हसू नये, उलट थट्टा करू नये आणि बोलण्यातील कामापुरत्या भागाला तेवढे उत्तर द्यावे : "साहेब, तक्ता उशिरा झाला हे खरे. दुपारी चारपर्यंत दुरुस्त करून देतो." एवढ्याने बैठक पुन्हा कामावर येते आणि थट्टेला दाद मिळत नाही. उलट थट्टा केली तर ती 'दोघांची मस्करी' ठरते आणि पुढे तक्रार करण्याची वेळ आल्यास तेच त्याच्यावर उलटते. पण तो हसला असेल तरी त्याला दोष नाही. वरिष्ठापुढचे असे हसू पुष्कळदा भीतीचेच असते आणि त्याला संमती समजण्याची चूक निदान जाणत्यांनी करू नये.

खरी जबाबदारी सभेतील दुसऱ्या क्रमांकाच्या माणसावर येते, असे या विषयाचा विचार करता स्पष्ट दिसते. उपअधिकारी, मुख्य लिपिक, दुकानात दिवाणजी, कारखान्यात फोरमन, म्हणजे ज्याचे साहेब ऐकतात तो. त्याने सभेत साहेबांना टोकू नये. टोकल्यास साहेबांची प्रतिष्ठा पणाला लागते आणि मग ते विनोदाचे समर्थन करू लागतात. एकदा समर्थन केले की माघार कठीण. त्याने फक्त विषय पुढे न्यावा : "साहेब, पुढचा विषय पाणीटंचाईचा आहे, घेऊ या का?" स्वर कोरडा असावा. न हसणारा एक चेहरा आणि कोरडा स्वर, एवढा संकेत बहुतेक वरिष्ठांना समजतो.

त्यानंतर त्याच दिवशी, साहेबांच्या कक्षात, दार लावून, त्याने तीन वाक्ये बोलावीत : "साहेब, सकाळचा विनोद त्याला लागला. ही गोष्ट गावाकडे पोहोचली तर त्याच्या घरच्यांना त्रास होण्याचा संभव आहे. उद्या सर्वांसमोर आपण दोन शब्द बोललात तर बरे होईल." या तीन वाक्यांत 'आपण चुकलात' हा शब्द नाही. परिणाम सांगितलेला आहे आणि परत फिरण्याची वाट दाखविलेली आहे. वरिष्ठालाही मान असतो. तो राखून सांगितलेली गोष्ट त्याला ऐकता येते. दुसऱ्या दिवसावर ढकलले तर विषय शिळा होतो आणि आठवड्यानंतर सांगितले तर 'तेव्हा का नाही बोललात?' असा प्रश्न येतो. निनावी पत्र, व्हॉट्सॲप समूहावरील टोमणा किंवा युनियनच्या फलकावरचे व्यंगचित्र, हे मार्ग चटकदार आहेत. पण त्यांमुळे ती थट्टा दहा जणांऐवजी हजार जणांपर्यंत जाते आणि ज्याचे रक्षण करावयाचे त्याचेच नाव गावभर होते.

उरलेले आठ जण, जे हसले, त्यांचे काय? त्यांपैकी एकाने जरी बैठकीनंतर त्या तरुणाशेजारी बसून चहा घेतला, तरी पुष्कळ झाले. सहानुभूतीचे भाषण नको. चहा पुरे.

थट्टा आणि धमकी यांतील रेषा मात्र ओळखता आली पाहिजे. बोलणाऱ्याजवळ खरोखरी शस्त्र आहे काय? बोलण्यामागे जुना राग आहे काय? तीच थट्टा त्याच माणसावर पुन्हा पुन्हा होते काय? ती एकांतातही होते काय? यांपैकी एकाचेही उत्तर होकारार्थी असेल तर तिला हसण्यावारी नेऊ नये. त्याच संध्याकाळी वहीत तारीख, वेळ, ठिकाण, उच्चारलेले नेमके शब्द, केलेले हावभाव आणि हजर असलेल्यांची नावे लिहून ठेवावीत. व्यापाऱ्याला रोजकीर्दीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. महिन्यानंतर आठवून लिहिलेल्या नोंदीला किंमत नसते. मग लेखी अर्ज वरच्या अधिकाऱ्याकडे किंवा आस्थापना शाखेकडे द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ मध्ये फौजदारी स्वरूपाच्या धाकदपटशाला दोन वर्षांपर्यंत, आणि जिवे मारण्याची अथवा गंभीर दुखापतीची धमकी असल्यास सात वर्षांपर्यंत शिक्षा सांगितली आहे. आदिवासी कर्मचाऱ्याचा लोकांसमक्ष हेतुपुरस्सर अपमान केल्यास १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. महिला कर्मचाऱ्यावरील थट्टेला लैंगिक छटा असेल तर २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समितीकडे जाता येते. आणि लग्नात किंवा वरातीत हौसेने गोळीबार करणाऱ्यांसाठीही २०१९ च्या दुरुस्तीनंतर शस्त्र कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली आहे. सगळ्याच थट्टा पोलीस ठाण्यात न्याव्यात, असे कोणी म्हणणार नाही. पण कायदा आहे हे ठाऊक असणारा माणूस अधिक शांतपणे बोलतो, असा अनुभव आहे.

ज्या नोकऱ्यांत शस्त्र हे कामाचेच साधन आहे, तेथे वरिष्ठाने अधिक सांभाळावे लागते. ३१ जुलै २०२३ च्या पहाटे जयपूर-मुंबई एक्सप्रेसमध्ये पालघरजवळ रेल्वे सुरक्षा दलाच्या एका शिपायाने आपल्या वरिष्ठाला आणि तीन प्रवाशांना गोळ्या घातल्या. त्याची कारणे हा वेगळा आणि गंभीर विषय आहे. मेळघाटातील हरिसाल येथे २५ मार्च २०२१ रोजी एका महिला वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याने शासकीय पिस्तुलाने जीवन संपविले आणि मागे ठेवलेल्या पत्रांत वरिष्ठाकडून होणाऱ्या छळाचे आणि अपमानाचे आरोप केले. ताडोबाच्या जंगलात, आलापल्लीच्या वनविभागात काम करणाऱ्यांना ही बातमी परकी वाटली नसेल. या घटना थट्टेमुळे घडल्या, असे येथे सुचवावयाचे नाही. भरलेले शस्त्र ज्याच्या कमरेला आहे, त्याच्या मनात आज काय चालले आहे, हे वरिष्ठाला ठाऊक नसते, एवढेच सांगावयाचे आहे.

आपल्या भद्रावतीत एका बाजूला केसरिया पार्श्वनाथाचे तीर्थ आहे आणि दुसऱ्या बाजूला दारूगोळ्याचा कारखाना, जो २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ विसर्जित झाल्यानंतर म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या कंपनीत गेला. दर्शनाला येणारे आणि पाळीवर जाणारे एकाच गावाच्या रस्त्यांवरून जातात. अशा कारखान्यात आगपेटी आणि विडी फाटकावरच काढून ठेवावी लागते. तोंडातल्या शब्दासाठी तशी पेटी कोणी ठेवलेली नाही. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगर आयुध निर्माणीत स्फोट होऊन ८ कामगार गेले. त्याआधी ३१ मे २०१६ रोजी पुलगावच्या दारूगोळा भांडारात आग लागून अधिकारी, जवान आणि अग्निशामक कर्मचारी मृत्युमुखी पडले होते. या आठवणी असलेल्या गावांत 'आज कोण उडणार?' अशी पाळीच्या सुरुवातीची गंमत पर्यवेक्षकाने केली, तर ती ऐकणाऱ्यांत त्या घरांचे नातेवाईक असू शकतात. कोळसा खाणीत सुरुंग लावणाऱ्यांच्या बाबतीतही हेच लागू आहे. कामगार आपापसांत अशी गंमत करतात, आणि करावी. भीतीवर त्यांनी शोधलेले ते औषध आहे. तीच गंमत वरून खाली आली की तिची चव बदलते.

वरिष्ठाला चूक कळली, तर त्याने काय करावे? थट्टा जेथे झाली तेथेच, त्याच माणसांसमोर, थोडक्यात बोलावे. कक्षात बोलावून, पाठीवर हात ठेवून, 'अरे, मनावर घेऊ नकोस' म्हणणे ही क्षमा नव्हे. तो ऐकणाऱ्यावर टाकलेला आणखी एक भार आहे. मनावर घेणे हाच जणू त्याचा दोष! "काल तक्त्यावरून जे बोललो ते बोलावयास नको होते. त्यांचे काम चांगले आहे. तक्त्याबद्दल आपण नंतर बोलू." इतके पुरेसे आहे. एप्रिल २०१३ मध्ये, दुष्काळाच्या ऐन झळा लागत असताना, तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी इंदापूर तालुक्यातील सभेत धरणातील पाण्यावरून अशोभनीय विनोद केला. श्रोते हसले. राज्य हसले नाही. त्यांनी क्षमा मागितली आणि कराडला यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी एक दिवस उपोषणाला बसले. त्यांच्या विरोधकांनी त्याला देखावा म्हटले. तो देखावा होता असे घटकाभर मानले, तरी ज्या उघडपणे चूक झाली त्याच उघडपणे ती मान्य केली गेली, ही गोष्ट नाकारता येत नाही.

हे सारे ऐकताना 'वरिष्ठ' म्हणजे कोणी सरकारी साहेब, असे चित्र श्रोत्यांच्या मनात असेल, तर ते दुरुस्त करावे लागेल. या सभागृहात बसलेल्यांपैकी पुष्कळजण स्वतःच मालक आहेत. गादीवर बसणारा प्रत्येकजण कोणाचा तरी साहेब असतो. सराफी पेढीच्या दाराशी दुनळी घेऊन उभा असलेला रखवालदार, बहुधा निवृत्त जवान, दिवसभर उभा असतो. गिऱ्हाइकांदेखत शेटजी त्याला म्हणतात, "काय रे, गोळी आहे ना आत, की नुसतीच काठी?" गिऱ्हाईक हसते. ज्याने सीमेवर उमेदीची वर्षे काढली त्या माणसाला हसू येते काय? कापडाच्या दुकानात लग्नसराईच्या गर्दीत ठाण उशिरा काढणाऱ्या पोऱ्याला "गोळी घालीन तुला" असे दिवसातून चार वेळा म्हटले जाते आणि मालकाला ते शब्द उच्चारल्याचे भानही नसते. तो पोऱ्या धानोरा किंवा एटापल्लीकडचा असू शकतो. फाडलेला कपडा परत घेतला जाणार नाही, अशी पाटी प्रत्येक दुकानात लावलेली असते. ती गिऱ्हाइकाकडे तोंड करून असते. गल्ल्यावरून तिची फक्त पाठ दिसते.

संवत्सरीला किंवा क्षमावाणीला आपण शेकडो क्षमापनापत्रे छापून परगावच्या व्यापाऱ्यांना पाठवितो. हल्ली ती मोबाईलवर एका स्पर्शाने जातात. ज्याच्याशी वर्षभर कसलाच वाद झालेला नाही अशा सुरतेच्या आडत्याकडे 'मिच्छा मि दुक्कडम्' पोहोचते. चार हातांवर उभा असलेला दिवाणजी, वाहनचालक, पोऱ्या यांच्याकडे मात्र ते तोंडी सांगितले जात नाही, असे चित्र पुष्कळ पेढ्यांवर दिसते. विश्वस्तांनी सुवर्णमहोत्सवी वर्षात काही नवा उपक्रम करावयाचा ठरविलाच, तर क्षमापनेच्या दिवशी प्रत्येक मालकाने आपल्याकडील नोकरवर्गाला नावाने हाक मारून हे दोन शब्द उच्चारावेत, अशी सूचना करण्यास हरकत नाही. त्याला खर्च नाही आणि वर्गणीही नाही.

या विषयाला आता एक नवे निमित्त आले आहे. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी गडचिरोलीत नक्षलवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती याने ६० सहकाऱ्यांसह मुख्यमंत्र्यांसमक्ष शस्त्रे खाली ठेवली. त्याआधीही अनेकांनी शरणागती पत्करली होती आणि त्यांपैकी काहींना चामोर्शी तालुक्यातील कोनसरीच्या लोहप्रकल्पात नोकऱ्या मिळाल्या आहेत. गावोगावच्या भरमार बंदुकाही लोकांनी पोलिसांकडे जमा केल्या आहेत. म्हणजे येत्या काळात या जिल्ह्यांतील कारखान्यांत, वखारींत, वाहतूक कंपन्यांत आणि कदाचित आपल्या दुकानांतही अशी माणसे कामाला येतील, ज्यांनी उमेदीची दहा-वीस वर्षे खांद्यावर खरी बंदूक वागविली. त्याच पाळीत, त्याच जेवणाच्या टेबलावर, ज्याचा भाऊ पोलीस दलात होता आणि सुरुंगात गेला, असाही एखादा असेल. अशा टेबलाशी पर्यवेक्षक येईल आणि वातावरण हलके करावे म्हणून काहीतरी बोलेल. 'याला ओव्हरटाइम नाकारू नका, नेम चांगला आहे याचा', असले वाक्य सुचावयास फार बुद्धी लागत नाही. ते सुचेलच.

म्हणून नोकरी देणाऱ्यांनी पर्यवेक्षकांना आधीच बोलावून सांगून ठेवावे. नवा माणूस कामावर आला की त्याचे नाव, गाव आणि नेमून दिलेले काम सांगावे. मागचे काही सांगू नये, विचारू नये. कोणी विचारलेच तर 'ते कार्यालयाकडे आहे' असे म्हणावे. पहिल्या आठवड्यात त्याच्या शेजारी समजूतदार, वयाने मोठा कामगार द्यावा. आणि पाळी सुटताना त्याची बस कोठून किती वाजता सुटते, हे त्याला दाखवून द्यावे.